इंटरप्ट किती, कुठे आणि कधी

चि. भाचीस,


तुझा प्रश्न सरळ आहे: नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधला इंटरप्ट हँडलर आणखी वेगवान कसा करायचा? हँडलर मोजून तीसेक ओळींचा आहे, त्यातून काढण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तरीही भार वाढला की मशीन गुदमरतं, असं तू लिहिलं आहेस. उत्तर थोडं लांबेल. या प्रश्नावर गेली साठ-सत्तर वर्षं फार हुशार माणसांनी डोकं खपवलं आहे, आणि दर पिढीला तीच गोष्ट नव्याने सापडली आहे. हँडलरच्या ओळी कमी करून थोडंच मिळतं. कमाई असते ती इंटरप्ट किती वेळा यावा, कोणत्या कोअरवर यावा आणि कधी येऊच नये, हे ठरवण्यात.

पहिल्यांदा भीतीबद्दल. इंटरप्टला घाबरण्यात कमीपणा नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्राशी संबंधित ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन हे दोघे ‘एक्स-१’ या संगणकाची रचना करत होते. त्यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे तरुण एड्सखर डाइकस्ट्रा हबकले. तोवर तोच प्रोग्राम त्याच आकड्यांवर चालवला की संगणक दरवेळी तीच पावलं टाकायचा. बाहेरचं यंत्र वाटेल त्या क्षणी मध्ये घुसणार म्हटल्यावर ही खात्री संपली. आज झालेली चूक उद्या पुन्हा घडवून दाखवता येईल, याचा भरवसा राहिला नाही. डाइकस्ट्रांनी होकार द्यायला काही महिने लावले. पुढे १९५९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती याच इंटरप्ट हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. म्हणून वेग वाढवायच्या नादात लॉक सैल करायचा मोह झाला, की या माणसाचे ते काही महिने आठवावेत. इंटरप्टच्या कोडमधली चूक शोधायला लागणारा वेळ वाचवलेल्या मायक्रोसेकंदांच्या कितीतरी पट असतो.

आता खर्च कुठे होतो ते पाहू. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातली सूचना संपवतो, २५६ नोंदींच्या तक्त्यातून हँडलरचा पत्ता काढतो, परतीसाठी लागणाऱ्या पाच गोष्टी स्टॅकवर ठेवतो आणि उडी मारतो. उरलेले रजिस्टर कर्नेल जपून ठेवतं. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ ही त्रुटी जाहीर झाल्यापासून बाधित प्रोसेसरांवर आणखी एक काम वाढलं. वापरकर्त्याचा प्रोग्राम चालू असताना इंटरप्ट आला, तर आत शिरताना आणि बाहेर पडताना पेज टेबल बदलावं लागतं. हा झाला उघड खर्च. छुपा खर्च त्याहून मोठा असतो. हँडलर आणि त्याच्यामागून येणारं नेटवर्कचं कोड कॅशेत स्वतःची जागा करून घेतं. मूळ प्रोग्राम परत सुरू होतो तेव्हा त्याचा डेटा कॅशेतून गेलेला असतो, आणि मुख्य मेमरीपर्यंतच्या प्रत्येक खेपेला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास मोजावे लागतात. हा खर्च हँडलरच्या खात्यावर दिसत नाही, दुसऱ्याच प्रोग्रामच्या नावावर पडतो. नुसता हँडलरचा वेळ मोजणारा माणूस इथेच फसतो.

या खर्चावरचा सगळ्यात जुना उपाय एका साध्या चिपमध्ये पाहायला मिळतो. पहिल्या आयबीएम पीसीच्या सीरियल पोर्टात ८२५० नावाची चिप होती. तिच्यात आलेला बाइट ठेवायला एकच जागा, त्यामुळे दर बाइटमागे एक इंटरप्ट. ९,६०० बॉडच्या वेगाला सेकंदाला ९६० इंटरप्ट, इतपत ठीक होतं. पण १,१५,२०० बॉडला ११,५२० इंटरप्ट होतात, आणि दर ८७ मायक्रोसेकंदांत प्रोसेसर धावून आला नाही तर बाइट हरवतो. नंतरच्या १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटांची रांग आली. रांगेत १, ४, ८ किंवा १४ बाइट साठले की मगच इंटरप्ट दे, असं तिला सांगता येतं. १४ निवडलं तर इंटरप्ट चौदाव्या हिश्शावर येतात, पण रांगेत दोनच जागा उरतात, म्हणजे प्रोसेसरला पोचायला सुमारे १७४ मायक्रोसेकंदांची मुदत. ८ निवडलं तर इंटरप्ट जास्त, पण मुदतही ऐसपैस. आज शंभर गिगाबिटच्या कार्डाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यासमोर हाच सौदा असतो, फक्त आकडे बदललेले असतात. ही चिप मनापासून समजून घ्यावी.

यापुढचा भाग तुझ्या मशीनच्या गुदमरण्याशी थेट जोडलेला आहे.

१९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी युसेनिक्सच्या परिषदेत एक निबंध सादर केला. रामकृष्णन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. दोघांनी डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचं एक यंत्र राउटर म्हणून वापरलं, तेही मुद्दाम मिळेल तेवढं हळू. त्याच्यावर छोट्या पॅकेटांचा मारा केला आणि किती पॅकेटं पलीकडे पोचतात ते मोजलं. पॅकेट गाळणारा ‘स्क्रीनडी’ हा प्रोग्राम चालू असताना राउटर सेकंदाला सुमारे २,००० पॅकेटं पुढे पाठवत होता. मारा त्याहून वाढवला तर वेग तिथेच थांबायला हवा होता. तो घसरत गेला आणि ६,००० च्या आसपास शून्यावर आला. प्रोसेसर पूर्ण व्यस्त होता, बंद काहीच पडलं नव्हतं, तरी एकही पॅकेट बाहेर पडत नव्हतं. या अवस्थेला त्यांनी ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हटलं.

एखाद्या कचेरीत टपाल घेणारा, त्याची बारनिशीत नोंद करणारा आणि त्यावर निर्णय घेणारा माणूस एकच असावा, आणि दारात टपाल दिसलं की हातातलं सोडून आधी नोंद करायची असा नियम असावा. टपाल वाढलं की तो दिवसभर नुसत्या नोंदीच करत बसेल, टेबलावरचा ढीग जमिनीवर सांडेल, आणि ज्या पत्रांची नोंद करण्यात दिवस गेला तीच केरात जातील. त्या राउटरमध्ये नेमकं हेच होत होतं. पॅकेट घेण्याचं काम इंटरप्टच्या वरच्या प्राधान्याने चाले, त्याच्यावरची प्रक्रिया खालच्या प्राधान्याने. पॅकेट मेमरीत घेतलं जाई, रांगेत लावलं जाई, आणि रांग भरलेली म्हणून टाकून दिलं जाई. टाकून द्यायच्या पॅकेटावर आधीच मेहनत झालेली असे.

यात हँडलर दुप्पट वेगवान केला असता तर काय झालं असतं? कोसळण्याचा बिंदू थोडा पुढे सरकला असता, इतकंच. मोगल आणि रामकृष्णन यांचा उपाय वेगळाच होता. पहिला इंटरप्ट आला की कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करायचे आणि कर्नेलने आपल्या सवडीने कार्डाकडे जाऊन पॅकेटं उचलायची. एका फेरीत किती उचलायची याला मर्यादा ठेवायची, म्हणजे पाठवण्याच्या कामालाही पाळी मिळते. सगळं उरकलं की इंटरप्ट पुन्हा चालू. स्क्रीनडीची रांग तीन चतुर्थांश भरली की नवं पॅकेट घेणं थांबवायचं आणि ती एक चतुर्थांशावर उतरली की परत सुरू करायचं. अधिकची पॅकेटं मग कार्डाच्या आतच गळून पडतात, आणि तिथे गळणाऱ्या पॅकेटावर प्रोसेसरचा एक क्षणही खर्च होत नाही. मला या निबंधातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जे टाकायचंच आहे ते शक्य तितक्या लवकर टाकावं. भाराखाली नीट वागणारी प्रत्येक यंत्रणा कुठे ना कुठे हे पाळताना दिसते.

लिनक्समध्ये हा विचार ‘एनएपीआय’ या नावाने आला. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव यांनी २००१ मध्ये तो मांडला आणि २००२ च्या २.४.२० या आवृत्तीत तो आला. आजही ड्रायव्हर एका फेरीत साधारणपणे ६४ पॅकेटं उचलतो आणि सॉफ्टआयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्टनंतर मागे ठेवलेल्या कामाच्या, एका धावेत सगळ्या कार्डांची मिळून ३०० ही मुभा असते. मुभा संपूनही काम उरलं, तर प्रॉकमधल्या नेटच्या फोल्डरात ‘सॉफ्टनेट स्टॅट’ नावाची फाइल आहे, तिच्या तिसऱ्या स्तंभातला आकडा वाढतो. दुसरा स्तंभ रांग भरल्यामुळे टाकलेल्या पॅकेटांचा. ड्रायव्हरच्या कोडला हात लावण्यापूर्वी हे दोन स्तंभ दर सेकंदाला किती वाढतात ते पाहावं. तीस ओळींचा हँडलर तपासण्यात गेलेला दिवस तिथे पाच मिनिटांत वाचला असता. हे रागावून लिहिलेलं नाही, मोजमाप आधी आणि कात्री नंतर, एवढी सवय तुला लागावी म्हणून लिहिलं आहे.

इंटरप्ट कुठे यावा, ही दुसरी बाजू. १९९९ च्या एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने केलेली एक चाचणी जाहीर केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं असलेल्या डेलच्या सर्व्हरवर विंडोज एनटी फाइल सर्व्हर म्हणून लिनक्सच्या अडीचपट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान ठरलं. लिनक्सवाले खवळले, चाचणी एकतर्फी असल्याची टीका झाली. ती टीका पुष्कळशी रास्तही होती. पण फेरचाचणीतही एनटीच पुढे राहिलं. एनटीवर एकेक कार्ड एकेका प्रोसेसरला बांधून दिलेलं होतं, तर त्या काळच्या लिनक्समध्ये इंटरप्टनंतरचं नेटवर्कचं काम एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालू शकायचं. तीन प्रोसेसर वाट पाहत उभे. पुढच्या २.४ आवृत्तीत सॉफ्टआयआरक्यू आले आणि प्रत्येक प्रोसेसरला ते काम स्वतंत्रपणे करता येऊ लागलं. विरोधकाने पैसे देऊन करवलेल्या चाचणीतूनही ज्यांनी आपलं उणं शोधून काढलं, त्या मंडळींबद्दल आदर वाटतो.

मधल्या काळात हार्डवेअरनेही मदत केली. जुन्या पीसीत इंटरप्टच्या मोजक्या तारा असायच्या. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये वापरता येण्याजोग्या पंधराच. एका तारेवर दोन-तीन उपकरणं बसली, की प्रत्येक हँडलरला आपल्या उपकरणाला विचारावं लागे की हाक तुझीच ना, आणि बसवरून रजिस्टर वाचणं फार सावकाश चालतं. एमएसआय-एक्समध्ये तारच नाही. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक शब्द लिहितं आणि तोच इंटरप्ट. एका उपकरणाला असे २,०४८ पर्यंत इंटरप्ट घेता येतात. त्यामुळे कार्ड दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांचा हॅश काढून पॅकेटं वेगवेगळ्या रांगांत टाकतं, आणि प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरवर जातो. एनव्हीएमई डिस्कही अशाच अनेक रांगांवर उभ्या आहेत. त्यांच्यासाठी लिनक्सने जानेवारी २०१४ च्या ३.१३ आवृत्तीत ब्लॉक थराची रचनाच बदलली.

मात्र रांगा सगळ्या कोअरवर सारख्या वाटल्या म्हणजे काम झालं, असं समजू नये. पॅकेट एका कोअरवर उतरलं आणि ते वाचणारा प्रोग्राम दुसऱ्या सॉकेटवरच्या कोअरवर असला, तर डेटा कॅशेतून कॅशेत फिरत राहतो. ‘आयआरक्यूबॅलन्स’ ही सेवा सर्वसाधारण सर्व्हरवर बरं काम करते, पण ती तुझ्या प्रोग्रामचं मन ओळखत नाही. जिथे काम ठरलेलं आहे तिथे बांधणी हाताने करावी, आणि त्याआधी ती सेवा बंद करावी, नाहीतर ती आपण केलेलं परत विस्कटते.

किती वेळा, हा भाग चिपच्या गोष्टीत येऊन गेला आहे, म्हणून थोडक्यात. ‘एथटूल’ने कार्डाला सांगता येतं की पहिलं पॅकेट आल्यावर अमुक मायक्रोसेकंद थांब. ५० सांगितले तर त्या रांगेचे इंटरप्ट सेकंदाला फार तर २०,००० होतील. फाइल उतरवणाऱ्याला हा थांबा जाणवणारही नाही. पण एक प्रश्न, एक उत्तर, मग पुढचा प्रश्न अशा पद्धतीने बोलणाऱ्या डेटाबेसला प्रत्येक फेरीत तो भोगावा लागतो. म्हणून सरासरीवर समाधान मानू नये. ९९ व्या शतमकाचा विलंब वेगळा काढून पाहावा. बदललेल्या भारानुसार हा आकडा आपोआप हलवण्याची सोय बऱ्याच कार्डांत आहे आणि तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं.

प्रॉकमधलीच ‘इंटरप्ट्स’ नावाची फाइल उघडल्यावर बहुतेकांची नजर वरच्या ओळींवर, उपकरणांच्या नावांवर जाते. खालच्या ओळीही वाचाव्यात. तिथे कोअरनी एकमेकांना मारलेल्या हाका असतात. अनेक थ्रेडांचा प्रोग्राम सतत मेमरी घेत-सोडत असेल, तर एका कोअरवर मॅपिंग काढलं की बाकीच्या कोअरना आपल्या टीएलबीतली नोंद पुसायला सांगावं लागतं आणि ‘टीएलबी’ची ओळ धावू लागते. तिथे ड्रायव्हर निर्दोष असतो. दोष प्रोग्रामच्या मेमरी वापरण्याच्या तऱ्हेत असतो. ‘एलओसी’ ही ओळ टायमरची. टिकचा दर सेकंदाला १,००० असेल तर ६४ व्यस्त कोअरवर सेकंदाला ६४,००० इंटरप्ट नुसत्या घड्याळाचे होतात. रिकाम्या कोअरवरचा टिक लिनक्सने २००७ पासून थांबवायला सुरुवात केली.

याच्या उलटही घडतं. इंटरप्ट उशिरा हाताळला जातो, कारण कोणीतरी इंटरप्ट बंद करून बसलेलं असतं. जुन्या धाटणीच्या कर्नेलवर सीरियल कन्सोल जोडलेला असावा आणि ड्रायव्हरने अडचणीच्या जागी शंभर अक्षरांचा संदेश छापावा. १,१५,२०० बॉडला ती एक ओळ बाहेर पडायला साडेआठ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ त्या कोअरवर इंटरप्ट बंद राहिले, तर दहा गिगाबिटच्या कार्डावर काय होतं याचा हिशोब करून पाहा. सर्वांत छोटी पॅकेटं त्या वेगाला सेकंदाला एक कोटी ४८ लाख येऊ शकतात, म्हणजे एकेकाला ६७ नॅनोसेकंद. साडेआठ मिलिसेकंदांत सव्वा लाखांवर. ‘एफट्रेस’मध्ये इंटरप्ट सर्वाधिक काळ कुठे बंद राहिले ते दाखवणारा ट्रेसर आहे. तो चाचणीच्या यंत्रावर चालवावा, कारण त्याचा स्वतःचाही भार पडतो.

ज्यांना वेळेची हमी हवी असते त्यांचा मार्ग निराळा. २००९ च्या २.६.३० आवृत्तीपासून हँडलरचं मुख्य काम स्वतंत्र थ्रेडमध्ये ठेवता येतं, आणि थॉमस ग्लाइक्सनर यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं बाहेर वाढलेलं रिअल-टाइमचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य कर्नेलात पूर्णत्वाने सामावलं गेलं. ६.१२ ही ती आवृत्ती. तिथे बहुतेक हँडलर थ्रेड होतात आणि शेड्यूलर त्यांना महत्त्वाच्या कामामागे उभं करू शकतो. यात एकूण थ्रूपुट थोडं कमी होतं. यंत्रमानवाचा हात किंवा ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालवणारा तो तोटा आनंदाने सोसेल, फाइल सर्व्हर चालवणाऱ्याने तो का सोसावा?

दुसऱ्या टोकाला इंटरप्ट मुळीच नको म्हणणारे आहेत. डिस्क काही मायक्रोसेकंदांत उत्तर देत असेल, तर झोपून इंटरप्टने जागं होण्यापेक्षा डोळे उघडे ठेवून थांबणं स्वस्त पडतं, हे इंटेलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. डीपीडीके ही लायब्ररी तर कर्नेलला बाजूला ठेवून कोअर सतत कार्डाकडे पाहत ठेवतं. मला हा मार्ग सगळ्यांसाठी पटत नाही. रात्री रहदारी नसतानाही तो कोअर शंभर टक्के चालतो, वीज जाते, आणि कर्नेलचं फायरवॉलसह सगळं तयार काम पुन्हा लिहावं लागतं. दूरसंचारातल्या राउटरला ते परवडतं. तुझ्या उपकरणाला परवडेल की नाही, याचं उत्तर दिवसभराची रहदारी मोजल्याशिवाय देऊ नकोस.

वाचायचा क्रम असा ठेव. आधी कर्नेलमधली सॉफ्टआयआरक्यूची फाइल, आणि तिच्यातला मुख्य लूप दोन मिलिसेकंद किंवा दहा फेऱ्यांनंतर उरलेलं काम ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’कडे कसं सोपवतो ते पाहा. मग इंटेलच्या ई१००० कार्डाचा ड्रायव्हर, हा जुना असल्यामुळे समजायला सोपा आहे, त्याची पुस्तिका जाहीर आहे आणि क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ते कार्ड फुकट मिळतं. त्या पुस्तिकेत इंटरप्टचा वेग रोखणारं एक रजिस्टर आहे. त्याचं माप २५६ नॅनोसेकंदांचं, म्हणजे त्यात २०० लिहिलं तर दोन इंटरप्टांमध्ये किमान ५१.२ मायक्रोसेकंद. ड्रायव्हर ते रजिस्टर कुठे लिहितो, कोणत्या प्रकारच्या रहदारीला कोणता आकडा निवडतो आणि ती रहदारी ओळखतो कशावरून, एवढं शोधून पुढच्या पत्रात कळव. सोबत सॉफ्टनेट स्टॅटचे दोन्ही स्तंभ, भार नसतानाचे आणि भाराखालचे, कोअरवार पाठव.

तुझा
मामा